न आलेल्या रुग्णाचा हिशेब

सरकारी आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत आलेल्या माणसांची नावे असतात. तारीख, वय, तक्रार आणि दिलेली औषधे असे तिचे रकाने असतात. महिनाअखेरीस त्यांची बेरीज वरच्या कार्यालयाकडे जाते आणि आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल, तर सेवा सुधारली असे मानले जाते. ज्याने यायला हवे होते पण जो आला नाही, त्याच्यासाठी या वहीत रकाना नसतो. गरीब आणि दुर्लक्षित वस्त्यांपर्यंत सार्वजनिक आरोग्यसेवा का पोचत नाही, याचे उत्तर शोधायला बसलेले लोक बहुधा हीच वही उघडून बसतात, आणि तिथेच त्यांची वाट चुकते.

शाळेतल्या अपूर्णांकांच्या भाषेत सांगायचे, तर आलेले रुग्ण हा अंश आणि सेवेची गरज असलेले सगळे लोक हा छेद. केंद्रात दिवसाला ऐंशी रुग्ण तपासले जातात, ही माहिती एकटी निरुपयोगी आहे. गरज शंभरांना होती की हजारांना, हे कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. अंश टेबलाशी बसून मोजता येतो, छेदासाठी मात्र इमारतीबाहेर पडून घरोघर जावे लागते. सेवेची उपलब्धता आणि सेवेची पोच या दोन शब्दांतला सगळा फरक या छेदात आहे.

अंश आणि छेद यांतली ही तफावत किती मोठी आहे, याचा जागतिक अंदाज उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये सुमारे ४५० कोटी लोकांना, म्हणजे जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांना, अत्यावश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे मिळत नव्हत्या. हे सगळे लोक दवाखान्यापासून कोसो दूर राहतात, असे मात्र समजू नये. त्यांतल्या अनेकांच्या घरापासून दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असतो आणि तरीही मधेच कुठेतरी गळती होते.

ही गळती नेमकी कुठे होते, हे पाहण्याची एक सोपी पद्धत तानाहाशी नावाच्या अभ्यासकाने १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडली होती. तिची कल्पना उतरत्या पायऱ्यांची आहे. पहिली पायरी सेवा अस्तित्वात असण्याची, म्हणजे कर्मचारी, औषधे आणि उपकरणे जागेवर असण्याची. दुसरी पायरी तिथपर्यंत जाता येण्याची. तिसरी, ती सेवा लोकांना पत्करता येण्याची, ज्यात खर्च, भाषा, वागणूक आणि विश्वास हे सगळे येते. चौथी, प्रत्यक्ष संपर्क होण्याची, आणि शेवटची पायरी त्या संपर्कातून खरोखर गुण येण्याची. प्रत्येक पायरीवर काही माणसे मागे राहतात. धोरणांची गंमत अशी, की घोषणा पहिल्या पायरीवर होतात आणि यशाचे आकडे चौथ्या पायरीवरचे दिले जातात. मधल्या दोन पायऱ्यांवर कोण अडखळले आणि शेवटच्या पायरीवर किती जण पोचले, याबद्दल कोणी विचारत नाही.

उच्च रक्तदाबाचे उदाहरण घेतले की हे स्वच्छ दिसते. हा आजार ओळखायला एक साधे यंत्र पुरते आणि त्याची औषधे जुनी, स्वस्त आणि परिणामकारक आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी साधारण ५४ टक्क्यांनाच त्याचे निदान झालेले आहे, ४२ टक्के उपचार घेतात आणि ज्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे असे लोक केवळ २१ टक्के आहेत. म्हणजे हजार रुग्णांपैकी ५४० जणांना आपला आजार ठाऊक आहे, ४२० जण औषध घेतात आणि २१० जणांना त्याचा पूर्ण लाभ होतो. नोंदवहीला यांतले ४२० दिसतात. आजार ठाऊकच नसलेले ४६० जण तिच्या लेखी अस्तित्वात नाहीत, आणि पक्षाघाताचा झटका येऊन त्यांना आणले जाते तेव्हा त्यांची नोंद नवा रुग्ण म्हणून होते.

पायऱ्यांपैकी अंतराची पायरी सर्वांना लगेच समजते, म्हणून तिच्यावर फार रेंगाळत नाही. रस्ता नसेल, वाहन नसेल, नदीला पूर आला असेल, तर माणूस पोचणार नाही हे उघड आहे. एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवावी, की अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, ते तासांत मोजावे लागते आणि परतीच्या प्रवासासह मोजावे लागते. सकाळी नऊ ते दुपारी एक उघडे असणारे केंद्र रोजंदारीवर काम करणाऱ्यासाठी शेजारच्या गल्लीत असले तरी दूरच असते, कारण त्याच वेळात त्याची मजुरी ठरलेली असते. बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून दोन संध्याकाळी सुरू ठेवणे हा नव्या इमारतीपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. पण त्याला उद्घाटनाची फीत नसते, हीच बहुधा त्याची अडचण असावी.

पैशांची पायरी अधिक फसवी आहे, कारण सेवा मोफत आहे असे जाहीर झाले की ती ओलांडली असे वाटते. क्षयरोगाची औषधे बहुतेक देशांत सरकारकडून विनामूल्य मिळतात. तरीही अनेक देशांतल्या पाहण्यांमधून असे दिसले आहे, की क्षयरोग झालेल्या जवळपास निम्म्या कुटुंबांचा या आजारापायी होणारा एकूण खर्च त्यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक असतो. औषध फुकट असताना पैसे कुठे जातात? निदान होण्याआधी चार ठिकाणी फिरण्यात, प्रवासात, पोषक अन्नात आणि सर्वांत जास्त बुडालेल्या मजुरीत. गरीब माणूस उपचार मधेच सोडतो, तेव्हा त्याला बेजबाबदार म्हणण्याची पद्धत आहे, पण त्याने जो हिशेब केलेला असतो तो अनेकदा बरोबर असतो. आजची मजुरी बुडणार हे निश्चित असते आणि आजार वाढण्याची शक्यता पुढची असते.

अगदी किरकोळ शुल्कसुद्धा किती माणसे गाळते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग केनियात झाला. जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपास या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत हिवतापापासून संरक्षण देणाऱ्या, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या गर्भवतींना वेगवेगळ्या किमतींना उपलब्ध करून दिल्या. त्या काळी असा युक्तिवाद जोरात होता, की फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही आणि थोडे पैसे मोजले तर लोक ती नीट वापरतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार किंमत शून्यावरून ०.६० डॉलरवर नेली, तर मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभरांमागे साठजणींनी, घसरते. पैसे मोजून घेणाऱ्या स्त्रिया ती अधिक नेमाने वापरतात, असेही दिसले नाही. शुल्काची चाळणी गरज नसलेल्यांना बाजूला काढेल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात तिने पैसे नसलेल्यांना बाजूला काढले.

मग शुल्क रद्द केले की झाले का? युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी आरोग्य केंद्रांतले शुल्क रद्द केले आणि त्यानंतर रुग्णांची संख्या, विशेषतः गरिबांची, लक्षणीय वाढली. इथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे. परंतु पुढच्या पाहणीत असे आढळले, की उपचारांच्या खर्चाने कोलमडणाऱ्या गरीब कुटुंबांचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. याचे संभाव्य कारण अगदी व्यवहारातले आहे: गर्दी वाढली, केंद्रातला औषधसाठा संपू लागला आणि लोकांना हातात चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानातून औषधे विकत आणावी लागली. शुल्क हटवताना तेवढाच निधी औषधांसाठी आणि मनुष्यबळासाठी वाढवावा लागतो, नाहीतर खर्च खिडकी बदलतो, संपत नाही. विमा योजनांनाही हेच लागू आहे. विम्याचे कार्ड हे पैसे कोण देणार याचे उत्तर आहे. ते परिचारिका निर्माण करत नाही, आणि जिथे रुग्णालयच नाही तिथे ते दाखवायचे कोणाला हाही प्रश्न उरतो.

तिसऱ्या पायरीचा दुसरा भाग आकड्यांत क्वचितच सापडतो. तो वागणुकीचा आहे. रांगेत सर्वांसमोर विचारले गेलेले खाजगी प्रश्न, आपली भाषा न समजणारा डॉक्टर, ‘इतके दिवस झोपला होतात का’ अशी खेकसणी, ओळखपत्रावाचून परत पाठवणे, या गोष्टी वरच्यावर घडत असतात आणि त्यांची बातमी वस्तीत औषधाच्या गुणापेक्षा जास्त वेगाने पसरते. एका बाईला प्रसूतीच्या वेळी अपमान सहन करावा लागला, तर तिच्या ओळखीतल्या पाचजणी पुढच्या खेपेला घरीच बाळंत होण्याचा विचार करतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे अज्ञान वाटते. माझ्या मते ते अनुभवातून आलेले ज्ञान आहे, आणि ते खोडून काढायचे असेल तर भित्तिपत्रकांनी भागणार नाही, पुढचा अनुभव वेगळा द्यावा लागेल. दुभाष्याची सोय, तपासणीच्या टेबलाभोवती एक पडदा आणि त्याच समाजातून आलेले कर्मचारी, हे उपाय दिसायला किरकोळ आहेत, पण ते नेमके याच ठिकाणी उपयोगी पडतात.

इथे मला माझ्याच मुद्द्याला एक मोठी पुरवणी जोडली पाहिजे. न आलेल्यांचा हिशेब महत्त्वाचा आहे हे खरे, पण आलेल्यांचेही सगळे ठीक असते असे नाही. निम्न आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सेवांच्या गुणवत्तेवर ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१८ मध्ये जो अहवाल दिला, त्यात वैद्यकीय सेवेने टाळता आले असते अशा मृत्यूंचा वार्षिक अंदाज ८६ लाख इतका होता. त्यांपैकी ३६ लाख माणसे सेवेपर्यंत पोचलीच नव्हती. उरलेली ५० लाख माणसे पोचली होती आणि त्यांना मिळालेली सेवा कमअस्सल होती. माता-मृत्यूंच्या संदर्भात सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची जी मांडणी केली, तीही हेच सांगते: निर्णय घेण्यातला विलंब, पोचण्यातला विलंब आणि पोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यातला विलंब. हे तीन विलंब एकमेकांपासून वेगळे नसतात. रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीला नेले तरी तिथे रक्त मिळत नाही, हे ज्या गावाला दोनदा कळले, ते गाव तिसऱ्या वेळी निर्णय घ्यायलाच उशीर लावते. तिसऱ्या विलंबातून पहिला जन्माला येतो, आणि मग आपण जनजागृतीची मोहीम काढतो.

या सगळ्यात गरिबांच्या वाट्यालाच कमी का येते, याला एक नाव आहे. वेल्समधील ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘व्यस्त सेवेचा नियम’ मांडला. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे जिथे आजार जास्त तिथे सेवा कमी, असा त्याचा आशय. हा कल बाजारपेठेच्या शक्तींना जिथे मोकळीक मिळते तिथे अधिक तीव्र असतो, असेही त्यांनी म्हटले होते. लक्षात घेण्याजोगे हे, की हार्ट यांचे निरीक्षण ब्रिटनमधले होते, जिथे १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होती आणि उपचारांचा बहुतांश खर्च सरकार करत होते. केवळ मोफत केल्याने व्यस्त प्रमाण सरळ होत नाही. कर्मचारी, निधी आणि वेळ यांची वाटणी मुद्दाम गरजेच्या बाजूने झुकवावी लागते, कारण ती आपोआप उलट्या बाजूला झुकत असते.

अशी वाटणी करण्याचा एक मार्ग म्हणजे छेदाचीच जबाबदारी कुणावर तरी सोपवणे. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्यसंस्थेचे कर्तव्य असल्याचे नमूद केले, आणि १९९४ मध्ये कुटुंब आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. डॉक्टर, परिचारिका, साहाय्यक आणि काही आरोग्य कार्यकर्ते अशा एका पथकाकडे ठरावीक भूभागातली सुमारे तीन ते चार हजार माणसे नेमून दिलेली असत. त्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त ७५० माणसे, आणि त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचे, घरात कोणी आजारी असो वा नसो. केंद्रात कोण आले नाही हे या कार्यकर्त्याला नोंदवहीत शोधावे लागत नसे, ते त्याला माहीतच असे. १९९० ते २००२ या काळाच्या एका अभ्यासात या कार्यक्रमाची व्याप्ती १० टक्क्यांनी वाढली की अर्भक मृत्यूदर सरासरी ४.५ टक्क्यांनी घटतो, असा संबंध इतर घटकांचा परिणाम वजा केल्यानंतरही दिसून आला.

घरी जाणारी व्यक्ती केवळ निरोप्या असू नये, हेही महत्त्वाचे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावरील उपचार शिकवले, ३९ गावांत ही सेवा देऊन ४७ गावांशी तुलना केली, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या स्त्रियांच्या हाती सल्ल्याबरोबर औषध होते आणि ते कधी द्यायचे याचे शिक्षणही होते. ‘रुग्णालयात जा’ एवढेच सांगणाऱ्या कार्यकर्त्याचा वस्तीला लवकर कंटाळा येतो. त्याचप्रमाणे, हे काम सेवाभावाच्या नावाखाली फुकट किंवा नाममात्र मानधनावर करून घेणे फार काळ चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात मोबदला आणि लेखी करार असावा, अशी शिफारस आहे. गरिबांची सेवा गरीब स्त्रियांच्या बिनपगारी श्रमांवर उभी करणे, यातली विसंगती खरे तर शिफारशीवाचूनही दिसायला हवी.

दुसरा मार्ग पैसे देण्याच्या पद्धतीतून जातो. रुग्णालयाला प्रत्येक तपासणीमागे पैसे मिळत असतील, तर त्याला अंश वाढवण्यात रस असतो आणि जो जवळ राहतो, सहज येतो, त्याच्याकडूनच तो अंश वाढतो. थायलंडने २००१–०२ मध्ये आणलेल्या सार्वत्रिक योजनेत रुग्णाने प्रत्येक भेटीला फक्त ३० बाट द्यायचे होते, आणि नाव त्याचेच झाले. पण तिचा खरा गाभा वेगळा होता. बाह्यरुग्ण सेवेसाठी स्थानिक केंद्रांना नोंदलेल्या लोकसंख्येप्रमाणे दरडोई निधी मिळू लागला, त्यामुळे जिथे माणसे अधिक पण पूर्वी निधी तुटपुंजा होता, अशा ग्रामीण भागांकडे पैसा वळला. शिवाय त्याआधीची काही दशके जिल्ह्या-जिल्ह्यांत रुग्णालये उभारण्यावर आणि तिथे डॉक्टर पाठवण्यावर खर्च झालेली होती, म्हणून निधी पोचला तेव्हा तो वापरायला कुणीतरी जागेवर होते. दरडोई पद्धतीचा धोकाही सांगितला पाहिजे: माणूस आला नाही तरी पैसे मिळतात, त्यामुळे कमी उपचार करण्याचा मोह होतो. त्यावर लेखापरीक्षण आणि तक्रारीची चालती यंत्रणा, हाच उतारा आहे.

जाताजाता आरोग्य शिबिरे आणि मोबाइल ॲप यांच्याविषयी. एका दिवसाच्या शिबिरात निदान झालेल्या मधुमेहाला दुसऱ्या दिवसापासून आयुष्यभर औषध लागते, आणि ते कुठे मिळणार हे शिबिराच्या मांडवात कोणी सांगत नसेल, तर त्या निदानाने भीतीखेरीज काही दिलेले नसते. दूरस्थ सल्ल्याची सोय उपयुक्त आहे, विशेषतः दुर्गम केंद्रातल्या परिचारिकेने तज्ज्ञाला विचारण्यासाठी. पण नावनोंदणी केवळ ॲपवरच ठेवली, तर फोन नसलेला माणूस आणखी एका पायरीवर गळतो.

छेद मोजण्याची सर्वांत स्पष्ट सवय लसीकरणात रुजू लागली आहे. ज्या बाळाला घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला यांवरच्या लसीची पहिली मात्राही मिळालेली नाही, त्याला ‘शून्य मात्रा’ बालक म्हणतात. २०२३ साठी जगभरातल्या अशा बालकांचा अंदाज सुमारे १ कोटी ४५ लाख होता. ही संज्ञा कामाची आहे, कारण ती मिळालेल्या मात्रा मोजायचे सोडून न मिळालेल्या बाळांचा ठावठिकाणा विचारते. ९० टक्के लसीकरण झाले असे ऐकून समाधान वाटते, पण उरलेले १० टक्के नकाशावर समान विखुरलेले नसतात. ते त्याच त्या वस्त्यांत, स्थलांतरितांच्या त्याच तळांवर आणि संघर्षग्रस्त भागांत एकवटलेले असतात, आणि जिथे बाळाला लस पोचलेली नसते तिथे त्याच्या आईची गर्भावस्थेतली तपासणीही बहुधा झालेली नसते. म्हणून एका रिकाम्या रकान्यावरून बाकीच्या सेवांची गळतीही शोधता येते. अर्थात, यादी करण्यात जोखीम आहे. कागदपत्रे नसलेल्या माणसाला आपले नाव लिहून घेणारा कोणीही भीतिदायकच वाटतो, म्हणून आरोग्यासाठी केलेली यादी पोलिसांकडे किंवा अन्य खात्याकडे जाणार नाही याची हमी कायद्यात असावी लागते आणि ती पाळली गेल्याचे लोकांना दिसावे लागते.

ग्लिनकोरगच्या डॉक्टर हार्ट यांनी नियम मांडून काम थांबवले नाही. जेमतेम दोन हजार वस्तीच्या त्या गावात त्यांनी तक्रार घेऊन येणाऱ्यांवर समाधान न मानता, आपल्या यादीतल्या सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजायचे ठरवले. जो आला नाही त्याला पुन्हा बोलावणे, तो ज्या कोणत्या कारणाने येईल तेव्हा मोजणी उरकून घेणे, नोंद ठेवणे आणि ती तपासून कोण राहिले ते पाहणे, असा तो क्रम वर्षानुवर्षे चालला. पंचवीस वर्षांच्या या कामाचा हिशेब १९९१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात, असा कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या गावाच्या तुलनेत ग्लिनकोरगचा मृत्यूदर कमी असल्याचे दिसत होते. दोन्ही गावे खाणकामगारांची आणि गरीबच होती, आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र दोन्हीकडे होते.